टॉकीज रिकामी आहे, कार्यक्रमाला जागा नाही

तालुक्याच्या गावात कार्यक्रम ठरला की कलावंत मिळतात, प्रेक्षकही मिळतात. अडते ते जागेपाशी. मारेगावचेच पाहा. यवतमाळ जिल्ह्यात वणीहून करंजीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. तहसील आहे, नगरपंचायत आहे, शाळा-कॉलेज आहे. आसपासच्या खेड्यांत गुरुदेव सेवा मंडळांची खंजिरी भजने चालतात, चौदा एप्रिलच्या आगेमागे भीमगीतांचे कार्यक्रम रंगतात, दिवाळीत गोंड वस्त्यांवर आणि कोलाम पोडांवर दंडार आणि ढेमसा हे नाच होतात. गॅदरिंगमध्ये एकांकिका करणारी पोरे दर वर्षी नव्याने तयार होतात. हे सगळे एका छताखाली, नीट उजेडात आणि नीट आवाजात करायचे म्हटले की मात्र पंचाईत होते. मंगल कार्यालय लग्नसराईत मिळत नाही. मिळाले तर पत्र्याच्या छताखाली बोललेला शब्द चार ठिकाणांहून परत येतो. पटांगणावर मंडप घालावा तर मंडपवाल्याचे बिल कलावंतांच्या मानधनापेक्षा जास्त होते. समाजमंदिरे आहेत, पण ती ज्या त्या समाजाची. दुसऱ्याने मागायला जायचे तर पाय अडखळतो. मोठे सुसज्ज सभागृह हवे असेल तर गाडी करून चंद्रपूरचे प्रियदर्शिनी सांस्कृतिक सभागृह नाही तर नागपूर गाठावे लागते.

माझे म्हणणे साधे आहे. आपल्या भागात जिथे कुठे छोटी टॉकीज चालू आहे, तिचे रिकामे तास भाड्याने घ्यावेत आणि गावाचे कार्यक्रम तिथे करावेत. एकपडदा टॉकीजची सकाळ बहुधा मोकळी असते. नव्या सिनेमाचे शुक्रवार-शनिवार-रविवार उलटले की मधल्या वारांचे खेळही मोजक्या माणसांवर चालतात. खुर्च्या बसवलेल्या आहेत, अंधार करता येतो, दारे बंद होतात, बाहेरचा ट्रॅक्टर आत ऐकू येत नाही. ही इमारत कोणत्याही एका समाजाची नाही. तिकीट घेतले की कुणीही कुणाच्याही शेजारी बसतो. तालुक्याच्या गावात अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्याच असतात, आणि मला टॉकीजचा हा गुण सर्वांत मोलाचा वाटतो.

जागा जवळ असली की काय होते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्याच्या माणसाचे आहे. १९६५ साली नागपुरात एक तरुण सिनेमा पाहायला निघाला. तिकिटे संपली होती, म्हणून तो नाटकाला जाऊन बसला. नाटक विजय तेंडुलकरांचे ‘मी जिंकलो! मी हरलो!’, दिग्दर्शन विजया मेहता यांचे. दुसऱ्या दिवशी तो तेच नाटक पुन्हा पाहायला गेला. हा तरुण म्हणजे महेश एलकुंचवार, जन्म यवतमाळ जिल्ह्यातल्या पारवा गावचा. पुढे ‘वाडा चिरेबंदी’त त्यांनी विदर्भातल्या खेड्यातला ढासळता वाडा मराठी रंगभूमीवर उभा केला. सिनेमाची खिडकी बंद झाली तेव्हा नाटकाची खिडकी जवळ होती, म्हणून हे घडले. ते नागपुरात घडले, पारव्यात घडणे शक्य नव्हते. आज मारेगावात कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या हातात मोबाइल आहे, त्यावर जगभरचे सिनेमे आहेत, पण जिवंत माणसे समोर उभी राहून नीट उजेडात, नीट आवाजात काही सादर करताहेत हा अनुभव तिला घरापासून अर्ध्या तासावर मिळत नाही.

मोठी नाट्यगृहे बांधल्याशिवाय काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी दादरच्या छबिलदासचा इतिहास वाचावा. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे आदींनी १९७१ मध्ये ‘आविष्कार’ ही संस्था सुरू केली आणि १९७४ पासून छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग सुरू केले. दादर स्टेशनच्या बाजूची शाळा, शाळेचाच सभागृहवजा हॉल. फिरता रंगमंच नाही, खोल विंगा नाहीत, मखमली पडदा नाही. तरीही पुढची जवळपास दोन दशके मराठी प्रायोगिक रंगभूमीचे तेच घर झाले, इतके की त्या चळवळीला नावही शाळेचे मिळाले. वास्तूचे वैभव त्यात काहीच नव्हते. ठरलेली जागा होती, परवडणारे भाडे होते आणि अमुक वारी तिथे काहीतरी असतेच हे प्रेक्षकांना ठाऊक होते. फिल्म सोसायट्यांनीही हाच मार्ग धरला. सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली १९५९ मध्ये फिल्म सोसायट्यांचा देशव्यापी महासंघ उभा राहिला, १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले. स्वतःची वास्तू नसलेल्या अशा मंडळांनी कुणाचे तरी सभागृह, कुणाच्या तरी टॉकीजची सकाळ मागून घेतली आणि जगाचा सिनेमा मराठी माणसापर्यंत आणला.

नाटकाची जागा आणि सिनेमाची जागा यांत आपल्याकडे देवाणघेवाण जुनीच आहे. पुण्यातले किर्लोस्कर नाट्यगृह पुढे वसंत टॉकीज झाले. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस संगीत-नाटकासाठी उभे राहिले, मग दशकानुदशके सिनेमा दाखवत राहिले, १९९३ मध्ये बंद पडले आणि २०१६ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा सादरीकरणासाठी उघडले. त्या नूतनीकरणाचा खर्च आपल्या आवाक्यातला नाही. आपल्याला तशी गरजही नाही. आपल्याला हवे आहेत रविवारचे तीन-चार तास.

‘गावात तिकीट कोण काढतो?’ ही शंका नेहमी ऐकू येते. तिचे उत्तर वैनगंगेच्या खोऱ्यात आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिथले नाटक कंपन्यांचे मुख्य ठाणे. गावातले मंडळ कंपनीशी ठोक रकमेत प्रयोग ठरवते, मंडप घालते, तिकिटे विकते, आणि शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, निमित्ताने जमलेली पंचक्रोशी रात्र रात्र नाटक पाहते. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तिकीट काढून नाटक पाहणारा ग्रामीण प्रेक्षक आपल्यापासून फार लांब नाही. त्याला आपला विषय, आपली बोली आणि ठरल्या वेळी सुरू होणारा खेळ दिला की तो येतो.

झाडीपट्टीची रात्रभराची रीत मात्र सगळीकडे चालणार नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. वर्षातले मोजके सणासुदीचे दिवस सोडले तर सूट नाही. मंडपातला कार्यक्रम रंगात येतो आणि घड्याळ दहा दाखवते, हा अनुभव प्रत्येक मंडळाला आहे. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आवाज बाहेर त्रासदायक होत नसेल तर, या नियमात मोकळीक आहे. टॉकीजच्या भिंतींचा हा मोठा फायदा.

भिंतींचा दुसरा फायदा कानाला कळतो. टॉकीज बांधताना आवाज घुमणार नाही याची काळजी घेतलेली असते. भिंतींवर छिद्रांचे बोर्ड किंवा कापड, फोमच्या खुर्च्या, उतरती जमीन. काही शे खुर्च्यांच्या बऱ्या टॉकीजमध्ये टाळी वाजवली तर तिचा नाद सेकंदाच्या आत विरतो. पत्र्याच्या कार्यालयात तो रेंगाळत राहतो आणि पुढचा शब्द गिळतो. म्हणून एकांकिका, कथाकथन, कविसंमेलन, व्याख्यान, मुलांची नाट्यछटा यांना टॉकीज फार चांगली. हळू बोललेले वाक्यही मागच्या रांगेपर्यंत पोचते. गाण्याला मात्र ही जागा कोरडी पडते. शास्त्रीय गाणाऱ्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येत नाही, म्हणून त्याच्यासमोर मॉनिटर स्पीकर ठेवावाच लागतो. भजनी मंडळाला तेवढी अडचण येत नाही, टाळ-मृदंग-खंजिरी जागा भरून काढतात.

आता उणिवा, कारण त्या माहीत नसतील तर कार्यक्रमाच्या दिवशी भांडण होते.

टॉकीजला रंगमंच नसतो. पडदा आणि पहिली रांग यांच्यात थोडी मोकळी पट्टी असते, कुठे ऐसपैस, कुठे दहा फुटांहूनही कमी. जागा ठरवण्याआधी टेप घेऊन जावे आणि ही पट्टी मोजावी. जागा पुरत असेल तिथे आठ बाय चार फुटांच्या सहा लेव्हल, म्हणजे लाकडी चौथरे, जोडल्या तर सोळा बाय बारा फुटांचा मंच होतो. एकांकिकेला तो पुरतो, समूहनृत्याला अपुरा पडतो. लेव्हल दोन फूट उंच ठेवली नाही तर उतारावर बसलेल्यांना पुढच्या डोक्यांआडून नाचणाऱ्याचे पाय दिसत नाहीत. लेव्हल लावल्यावर पहिल्या एक-दोन रांगा मोकळ्या सोडाव्या लागतात, म्हणजे तेवढी तिकिटे आधीच वजा धरायची. विंगा नसतात, दोन्ही बाजूंना काळ्या कापडाच्या चौकटी उभ्या करून त्या कराव्या लागतात. मेकअपसाठी खोली नसते. मॅनेजरची केबिन किंवा लॉबीचा कोपरा कापडाने आडवा करून मिळतो. बायकांसाठी वेगळी आणि कडी लागणारी खोली आधी मागून घ्यावी, ऐनवेळी ती मिळत नाही.

आणि पडदा. टॉकीजमधली सर्वांत महाग आणि सर्वांत नाजूक वस्तू तीच. जवळ जाऊन पाहिले तर त्यावर बारीक बारीक छिद्रे दिसतात. स्पीकर पडद्यामागे असतात आणि आवाज या छिद्रांतून येतो. त्या कापडाला खास लेप असतो, तो पुसून साफ होत नाही. आपल्या कार्यक्रमांची सुरुवात नेमकी समईने होते. समई पडद्यासमोर ठेवली जाते, पाच वाती, शेजारी उदबत्तीचा पुडा, वर फोटोला हार. तासाभराने काजळी वर चढते आणि पुढच्या शुक्रवारी नायिकेच्या गालावर काळा डाग दिसतो. त्यावर पाहुण्यांच्या स्वागताचा गुलाल, नाटकातले धुराचे मशीन, पाठीमागे बॅनर लावायला कुणीतरी मारलेली पिन! मालक एकदा असा पोळला की पुन्हा कुणाला टॉकीज देत नाही. म्हणून दीपप्रज्वलन लॉबीत करावे. प्रेक्षक आत जाताना समईला नमस्कार करतील, तेही छान दिसते. बॅनर पडद्याला न लावता वेगळ्या स्टँडवर उभा करावा, आणि लेव्हल पडद्यापासून हातभर पुढे ठेवाव्यात.

ढेमशाबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे. हा नाच हातात हात गुंफून, गोल फिरत, वाद्यांच्या भोवती होतो. त्याला समोर बसलेला प्रेक्षक लागत नाही, भोवती उभी माणसे लागतात. त्याला सोळा बाय बाराच्या फळीवर एका रांगेत उभे करणे म्हणजे त्याचा जीव घेणे. दंडारीचेही बरेचसे असेच. असे कार्यक्रम टॉकीजच्या आवारात, मोकळ्या जमिनीवर व्हावेत. त्यानंतर आत बसून त्या कलावंतांशी गप्पा, त्यांच्या वाद्यांची ओळख, त्यांच्यावरचा माहितीपट असा जोड द्यावा. प्रत्येक कला आत कोंबायचा हट्ट नको.

दिव्यांचे गणित सोपे आहे, पण चुकले तर फ्यूज उडतो. जुने हजार वॅटचे दहा पार दिवे लावले तर दहा किलोवॅट भार होतो. एका फेजवर सुमारे त्रेचाळीस अँपिअर. छोट्या टॉकीजच्या सभागृहातली वायरिंग त्यासाठी केलेली नसते. दीडशे वॅटचे दहा एलईडी पार भाड्याने आणले तर दीड किलोवॅटमध्ये काम भागते, आणि एकांकिकेला तेवढे पुरते. पुढचा उजेड बाल्कनीच्या कठड्यावरून टाकता आला तर उत्तम, मात्र कठड्याला दिवा साखळीने बांधलेलाच हवा. आवाजासाठी टॉकीजच्या यंत्रणेत आपले माइक जोडण्याचा आग्रह धरू नये. ती यंत्रणा सिनेमासाठी जुळवलेली असते. ऑपरेटर नाही म्हणतो तेव्हा तो अडवणूक करत नसतो. आपला छोटा मिक्सर आणि दोन स्पीकर आणावेत.

सिनेमा किंवा माहितीपट दाखवायचा असेल तर आणखी एक अडचण. रीळ गेले, आता सिनेमा डिजिटल पॅकेजमध्ये येतो, सर्व्हरवर चढवावा लागतो आणि ठरावीक तारखांसाठी दिलेल्या कुलूपकिल्लीनेच उघडतो. पेनड्राइव्हवरची साधी फाइल त्या सर्व्हरवर सहसा चालत नाही. प्रोजेक्टरला लॅपटॉप थेट जोडता येतो का, हे ऑपरेटरला विचारावे आणि आदल्या दिवशी प्रत्यक्ष लावून पाहावे. जोडता येत नसेल तर भाड्याचा प्रोजेक्टर हॉलमध्ये मध्यभागी ठेवून तोच पडदा वापरता येतो. पूर्ण अंधारात पाच हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर छोट्या टॉकीजला चालून जातो.

भाड्याच्या बोलणीत मालकाच्या जागी बसून विचार करणारा मंडळाचा माणूस पुढे पाठवावा. खेळाची वेळ मागितली तर मालक एका खेळाचा गल्ला धरून भाडे सांगेल. सकाळी आठ ते अकरा मागितले तर त्याचे काहीच बुडत नाही. त्याचा खर्च म्हणजे वीज, ऑपरेटर, डोअरकीपर, झाडलोट आणि लाइट गेली तर जनरेटरचे डिझेल. या बाबी वेगवेगळ्या लिहून मागाव्यात. व्यवहार ठोक भाड्यावरही होतो आणि टक्केवारीवरही. नमुन्यादाखल हिशेब करू. दीडशे खुर्च्या, पन्नास रुपये तिकीट, नव्वद माणसे आली. गल्ला साडेचार हजार. भाडे दोन हजार, दिवे-आवाज दीड हजार, छपाई आणि गाडीभाडे पाचशे. हातात राहिले पाचशे. भाडे चार हजार असते तर मंडळ दीड हजाराने तोट्यात गेले असते. त्याऐवजी गल्ल्याच्या चाळीस टक्क्यांवर व्यवहार केला तर मालकाला अठराशे मिळतात. माणसे कमी आली तर तोही झळ सोसतो, जास्त आली तर त्याचाही फायदा. सुरुवातीच्या मंडळासाठी टक्केवारी बरी. कॅन्टीन मात्र मालकाचेच राहू द्यावे आणि कार्यक्रमात पंधरा मिनिटांचे इंटरवल ठेवावे. चहा-समोशाच्या विक्रीत त्याचे समाधान असते, आणि भाड्यात तो तेवढा नरम येतो.

एकदाच टॉकीज घेण्यापेक्षा वर्षाचे बारा रविवार एकदम मागावेत. भाडे उतरते, आणि छबिलदासला जे साधले ते, म्हणजे ठरलेल्या वारी ठरलेल्या जागी काहीतरी असणे, तेही साधते. एका दिवसासाठी मालक आणि मंडळ या दोघांच्या सहीचे पत्र पुरे. त्यात तास स्पष्ट लिहावेत, कारण सर्वाधिक वाद तिथेच होतात: तीन तासांच्या कार्यक्रमाला मांडामांड आणि आवराआवर धरून सहा तास लागतात. अनामत किती, खुर्ची फाटली किंवा पडदा डागाळला तर कोण भरणार, अचानक मोठा सिनेमा लागला आणि मालकाने तारीख रद्द केली तर काय, हेही त्यात असावे. लिव्ह अँड लायसन्सचा दीर्घ मुदतीचा करार करायचा असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत हवा.

परवान्यांची भीती घेऊ नये, पण ते टाळूही नयेत. टॉकीजचा परवाना सिनेमासाठी असतो आणि तो जिल्हाधिकारी देतात. तिथे नाटक किंवा गाण्याचा कार्यक्रम करायचा तर त्याची वेगळी परवानगी घ्यावी. विचारणा यवतमाळला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या करमणूक शाखेत करावी, आणि पोलीस ठाण्यालाही लेखी कळवावे. नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाने संमत केलेली असावी लागते. जीएसटीच्या बाबतीत दिलासा आहे. नाटक, नृत्य, संगीत यांचे तिकीट माणशी पाचशे रुपयांपर्यंत असेल तर त्यावर कर नाही, आणि लोककला किंवा शास्त्रीय कला सादर करणाऱ्या कलावंताच्या दीड लाखापर्यंतच्या मानधनावरही नाही.

हक्कांचा प्रश्न मात्र हौशी मंडळे हमखास विसरतात. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळाला एक चांगली सवलत आहे: प्रेक्षकांकडून पैसे घेतले नाहीत तर साहित्यकृती, नाटक किंवा संगीतरचना सादर करणे हा हक्कभंग ठरत नाही. तिकीट लावले की लेखकाची परवानगी आणि त्याचे मानधन आलेच. आपण लेखकाचे पन्नास-शंभर रुपयेही बुडवू नयेत. मराठी नाटककाराला तेवढाच आधार असतो. सिनेमाबद्दल नियम आणखी कडक आहे. घरी पाहण्यासाठी घेतलेल्या ओटीटीच्या वर्गणीवर सिनेमा टॉकीजमध्ये लावता येत नाही. प्रवेश फुकट असला तरी सार्वजनिक खेळाला सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्र लागते. गावातल्या पोरांनी मोबाइलवर केलेली शॉर्टफिल्मही त्यातून सुटत नाही.

मग दाखवायचे काय? आपल्या कायद्यात सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ सालचा, दामले-फत्तेलाल यांचा. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला. इतक्या जुन्या चित्रपटांची दारे उघडी असतात. पटकथा, गीते, संगीत यांचे हक्क मात्र लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतात, आणि दुरुस्त केलेल्या प्रतीच्या अटी वेगळ्या असू शकतात, म्हणून तेवढी चौकशी करून घ्यावी. अर्धा तास पंचक्रोशीतल्या भजनी मंडळाचे भजन आणि मग मोठ्या पडद्यावर विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम: मारेगावच्या एका रविवारसाठी यापेक्षा चांगली सुरुवात मला सुचत नाही. नव्यापैकी सतीश मन्वर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. निर्मात्याची परवानगी घेऊन तो जरूर लावावा आणि नंतर दिवे लावून प्रेक्षकांना बोलू द्यावे. ज्यांच्या आयुष्यावर तो सिनेमा आहे, त्यांच्यातच बसून तो पाहण्याची संधी शहरातल्या समीक्षकालाही मिळत नाही.

तारीख ठरवताना कॅलेंडरइतकेच शेताकडे पाहावे. सोयाबीनच्या मळणीत आणि कापसाच्या पहिल्या वेचणीत बाया-माणसे येणार नाहीत. कापूस विकून हातात पैसा आला की घरे मोकळी होतात; डिसेंबर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. खेड्यातल्या प्रेक्षकाला परतीची एसटी सापडली पाहिजे, म्हणून सकाळचा कार्यक्रम अकराच्या आत संपवावा.

सुरक्षेच्या बाबतीत एका गोष्टीवर तडजोड नाही. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात आग लागली आणि ५९ माणसे गेली. त्यातली बहुतेक धुराने गुदमरली. जास्तीच्या खुर्च्या बसवून बाहेर पडण्याची वाट अडवलेली होती, दारे बंद होती. गर्दी झाली की आपण प्लास्टिकच्या खुर्च्या बोळात टाकतो, कलावंतांच्या सोयीसाठी बाजूच्या दाराला आतून कडी घालतो, दारापुढे लेव्हल ठेवतो. यातले काहीही करू नये. खुर्च्या भरल्या की तिकीट खिडकी बंद. महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायदा २००६ प्रमाणे इमारतीच्या मालकाने अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचे असते. ते पाहायला मागण्यात संकोच नको. वर्षानुवर्षे बंद असलेली टॉकीज एका कार्यक्रमापुरती उघडून वापरायचा मोह होतो, कारण ती जवळजवळ फुकट मिळते. छत, वायरिंग आणि परवाना तपासल्याशिवाय तिच्यात दोनशे माणसे बसवणे हा गुन्हा आहे, असेच मी म्हणेन.

मारेगाव, वणी, पांढरकवडा, झरी या पट्ट्यातल्या नाट्यमंडळांना, वाचनालयांना, कॉलेजच्या सांस्कृतिक विभागांना आणि भजनी मंडळांना विनंती आहे की प्रत्येकाने वेगळी धडपड न करता एकत्र बसावे. चार मंडळांनी तीन-तीन रविवार वाटून घेतले तर वर्षाचे बारा रविवार भरतात. पोळा झाला की जवळच्या टॉकीजमालकाकडे टेप, वही आणि तारखांची यादी घेऊन जावे, आणि परवानगीचे अर्ज दसऱ्याआधी यवतमाळला पोचवावेत, म्हणजे डिसेंबरचा पहिला रविवार हातचा जाणार नाही.